कारण : नाचायचे आहे

माझी मावशी वारली तेव्हा ती कल्याणला आपल्या अंगणात पापड वाळत घालत होती. तिला स्वतःला या घटनेची काहीच कल्पना नव्हती. मी ठाण्याला आग्रा रोडवरच्या एका रंगाच्या कंपनीत टायपिस्ट म्हणून नुकताच चिकटलो होतो. शनिवारी मुंबईला क्रिकेटचा सामना पाहायचा होता, आणि पहिल्या पंधरवड्यातच मला एवढं समजलं होतं की या कचेरीत रजा हवी असेल तर घरातलं कुणीतरी आजारी तरी पडावं लागतं, नाहीतर मरावं तरी लागतं. मावशीला मूलबाळ नव्हतं. तिच्या जाण्याने कुणाचं फारसं अडणार नाही, असा विचार करून मी तिची निवड केली.

सोमवारी सकाळी मान वर केली तर समोर आमचे हेडक्लार्क उभे. कधी आले ते कळलंच नव्हतं. या माणसाच्या चालण्याचा आवाज होत नसे.

"वाईट झालं," ते म्हणाले. "काय वय होतं?"

"पंचावन्न."

"काय होत होतं?"

"ताप."

"सख्खी मावशी?"

"हो, आईची धाकटी बहीण."

"आणि तू गुळगुळीत दाढी करून आलास."

मी हनुवटीवर हात ठेवला. त्यांनी खिशातून एक निळ्या पुठ्ठ्याची वही काढली आणि माझ्यासमोरच तीत लिहिलं. या वहीला सगळी कंपनी मयतांची वही म्हणत असे. कंपनीतल्या प्रत्येकाच्या वारलेल्या नातेवाइकांची तीत नोंद होती.

"गोडाउनकीपरने परवा आपल्या आजीला तिसऱ्यांदा पोचवलं," ते म्हणाले. "मी म्हटलं, अहो, बाईला जरा दम खाऊ द्या. तुझी मावशी झाली, बरं का रे. आता तिला पुन्हा मारू नकोस. पुढच्या वेळी सरळ लिही, क्रिकेटला जायचंय."

"तसं लिहिलं तर रजा कोण देणार?"

"तो देणाऱ्याचा प्रश्न. खरं लिहिणं एवढंच अर्जदाराचं काम."

पंचेचाळिशीचा उंच, काटकुळा माणूस. कोट, टाय, आणि ओठावर झुबकेदार काळ्याभोर मिशा. कंपनीची हजेरी, रजा, बढत्या, ताकिदा, सगळे कागद त्यांच्या हातून जात. मस्टर त्यांच्या टेबलावर असे. उशिरा येणाऱ्याला ते कधी रागावत नसत, घड्याळाकडे पाहतही नसत. नुसतं म्हणत, "सम गेली." तालाच्या पहिल्या मात्रेला सम म्हणतात, तिथे तबल्यावरचा हात आणि नाचणाऱ्याचा पाय एकदमच पडावे लागतात, हे मला पुढे कळलं. कळायच्या आधीही ते ऐकून लाज वाटायची ती वाटतच असे.

क्रिकेटनंतर महिनाभराने त्यांनी स्वतःचा एक अर्ज मला टाइप करायला दिला. आमचा सगळा व्यवहार इंग्रजीत चाले, इथे मी मराठीत देतो. 'येत्या गुरुवारी अर्ध्या दिवसाची रजा मिळावी. कारण : नाचायचे आहे.'

मी हसलो. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. मी टाइप केलं.

हेडक्लार्क कथक नाचत. कचेरीतल्या गॅदरिंगपुरतं नव्हे, की बायकामुलांच्या आग्रहाखातरही नव्हे. वयाच्या विसाव्या वर्षापासून, रोज पहाटे दोन तास, डोंबिवलीच्या आपल्या दोन खोल्यांत. त्या खोल्या तळमजल्यावर होत्या, कारण वरचा मजला कुणी त्यांना देईना. लोक अर्थातच बोलत. 'नाच्या' हा शब्द गल्लीत त्यांच्या मागे चालत असे, त्यांच्या पावलांपेक्षा जास्त आवाज करत. एकदा कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे एका गृहस्थांनी त्यांना सगळ्यांसमोर विचारलं, "काय हो, तमाशात बसता म्हणे?"

"तमाशात आम्हाला उभं राहावं लागतं," हेडक्लार्क म्हणाले. "बसायला तुम्ही येता."

लोक त्यांना सल्लाही देत. नोकरी करा नाहीतर कला तरी करा, दोन्ही कशाला? ते म्हणत, "मला दोनच पाय आहेत आणि नाचायला दोन्ही लागतात. नोकरी मी बसून करतो." निदान लपवा तरी, असं कुणी सुचवलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "लपवायला वेळ लागतो. नोकरी आणि नाच यांतून तेवढा उरत नाही."

हे नुसतं बोलणं नव्हतं. कंपनीच्या फाटकावर पठाण असे. आत येणारी प्रत्येक वस्तू त्याच्या रजिस्टरात लिहावी लागे, नाहीतर बाहेर नेताना ती कंपनीची ठरे. कचेरीतून परस्पर नाचायला जायच्या दिवशी दुसरा कुणी असता तर त्याने घुंगरू पंच्यात गुंडाळून डब्याच्या पिशवीत तळाशी घातले असते. हेडक्लार्क ते हातात घेऊन येत. मी ते रजिस्टर पाहिलंय. 'टर्पेंटाइन, पिंपे चाळीस. शेंदूर, पोती बारा. घुंगरू, जोड एक.' आणि संध्याकाळी, 'घुंगरू बाहेर.' खाली सही, वेळेसकट.

त्यांच्या लग्नाची हकीकत मला वहिनींनीच सांगितली. वहिनी मालवणकडच्या, ठसठशीत बोलणाऱ्या. "बघायला आलेले आमच्याकडे. त्यांच्या काकांनी मला म्हटलं, चालून दाखव. चालले. गाऊन दाखव. गायले. मग हे उठले नि म्हणाले, आता माझं बघा. कोट काढून ठेवला आणि आमच्या ओटीवर नाचलेच की हो! शेणाची जमीन. धूळ केवढी उडाली! माझे वडील उठून आत निघून गेले."

"आणि तुम्ही?"

"मी म्हटलं, हा माणूस दुसरं काही करील न करील, माझ्यापासून चोरून नाही करणार. तेवढ्यावर हो म्हटलं. तेव्हा लहान होते मी, भावजी. अक्कल कमी होती."

कलेविषयी बोलणाऱ्यांचं त्यांना वावडं होतं. ठाण्याच्या एका गणेशोत्सवात त्यांचा नाच होता आणि त्याआधी कुणा बड्या गृहस्थांचं अध्यक्षीय भाषण. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झालेली, आणि आपल्याला संस्कृती आहे हा शोध सगळ्यांना एकाच वेळी लागलेला. अध्यक्ष पाऊण तास बोलले. हेडक्लार्क विंगेत घुंगरू बांधून उभे. अध्यक्षांनी पुन्हा एकदा 'आपली महान संस्कृती' म्हटलं, तेव्हा विंगेतून घुंगरांचा एक ठोका आला. अध्यक्ष थबकले. पुढच्या संस्कृतीला पुन्हा ठोका. तिसऱ्या वेळी लोक वाटच पाहत होते. अध्यक्ष पाणी प्यायले आणि त्यांनी समारोप केला. मी पाहिलेल्या सभांपैकी वेळेच्या जवळपास संपलेली तेवढी एकच.

त्यांचे गुरुजी कल्याणला निर्वासितांच्या छावणीत राहत. पूर्वी कराचीत श्रीमंत सिंध्यांच्या मुलींना नाच शिकवणारे हे म्हातारे, फाळणीनंतर त्याच कुटुंबांच्या मागोमाग येऊन लष्कराच्या जुन्या बराकीत पडले होते. बराकीचा एक कोपरा, मध्ये गोणपाटाचा पडदा. हेडक्लार्कांनी एकदा कंपनीची नोकरी सोडून त्यांच्यापाशी राहण्याची भाषा केली, तेव्हा म्हातारा म्हणाला होता, "नौकरी मत छोड़ना, बाबूजी. भूखे की लय भागती है." उपाशी माणसाची लय धावत सुटते. हेडक्लार्क नोकरी इतकी चोख का करत, याचा उलगडा मला या वाक्यात झाला. ते कंपनीशी एकनिष्ठ होते असं नाही. त्यांना लय सांभाळायची होती.

कंपनीत गोरा साहेब होता तोवर काही अडलं नाही. त्याला आपल्या लोकांचं नाचणं, लग्न आणि बाराव्याचं जेवण यांत फरक कळत नसे. तो निमूट सही करी. मग तो मायदेशी गेला आणि आपल्यातलेच साहेब आले. पाइप ओढणारे, मुंबईच्या कलामंडळांवर असलेले, रसिक म्हणून नाव असलेले. अडचण तिथून सुरू झाली, कारण यांना सगळं कळत होतं.

त्या वर्षी कंपनीने कॅलेंडर काढलं, त्यावर बारा महिन्यांना बारा नृत्यमुद्रा. साहेबांनी मोठ्या हौसेने ते हेडक्लार्कांना दाखवलं. त्यांनी पानं उलटली आणि म्हणाले, "मार्च महिन्यातली बाई पडणार."

"म्हणजे?"

"भार ज्या पायावर दाखवलाय, तो हवेत आहे."

कॅलेंडर तसंच वाटलं गेलं. त्या बाईकडे मी वर्षभर काळजीने पाहत होतो.

आणि त्याच सुमारास बातमी आली की हेडक्लार्कांना ऑफिसर करणार. कारकुनांतून वर जाणारे ते पहिले ठरणार होते. वेगळी केबिन मिळणार होती, आणि नौपाड्यात कंपनीचा तीन खोल्यांचा ब्लॉक, घरात नळ असलेला. केबिनचं सोडा. पण डोंबिवलीला वहिनी सकाळ-संध्याकाळ विहिरीवरून पाणी भरत होत्या, दोन मुलं आणि एक अंथरुणाला खिळलेली सासू यांचं, गेली सोळा वर्षं. ऑर्डर टाइप करून साहेबांच्या टेबलावर गेली होती. मीच केली होती. फक्त सही बाकी होती.

तेवढ्यात छावणीतल्या लोकांनी गुरुजींचा कार्यक्रम ठरवला. फाळणीनंतरचा त्यांचा पहिलाच. म्हातारा तबल्याशी बसून बोल म्हणणार आणि शिष्य म्हणून हेडक्लार्क नाचणार. शुक्रवारी संध्याकाळी. साथीदारांबरोबर बसायला दुपारपासून जायला हवं होतं. हेडक्लार्कांनी अर्ज दिला. कारण : नाचायचे आहे.

अर्ज परत आला. साहेबांचा शेरा : 'कारण योग्य नाही.'

हेडक्लार्कांनी खाली लिहिलं, 'कारण खरे आहे,' आणि पुन्हा पाठवला.

'कौटुंबिक समारंभ असे लिहावे.'

'समारंभ कौटुंबिक नाही. सर्वांस खुला आहे. साहेबांनीही यावे.'

'आजारपण चालेल.'

'प्रकृती उत्तम आहे.'

कागदावर जागा संपली, तेव्हा साहेबांनी त्यांना आत बोलावलं. माझं टेबल केबिनच्या दाराशी होतं आणि दार पुरतं लागत नसे.

"हे बघा," साहेब म्हणाले, "मी स्वतः कलेचा भोक्ता आहे. तुम्ही नाचू नका असं मी म्हणतच नाही. पण ऑफिसर नाचाला जातो तेव्हा पहिल्या रांगेत बसतो. स्टेजवर नसतो. उद्या मुंबईहून डायरेक्टर आले आणि त्यांनी फाइल उघडली तर? कंपनीचा ऑफिसर, रजेचं कारण नाच! तुम्ही आजारी पडा. मी डोळे मिटून सही करतो. आणि हँडबिलावर दुसरं नाव लावा."

"दुसरं नाव लावलं तर नाचणार कोण?"

"तुम्हीच हो!"

"मग नावही तेच राहू दे."

"लुक हिअर," साहेबांचा आवाज खाली आला, "तुमची ऑर्डर इथे माझ्यासमोर पडलीय. पोटदुखी, एवढे चार शब्द... नाही, एकच शब्द. एका शब्दापायी तुम्ही ही घालवणार?"

"मला रजेच्या अर्जावर एक शब्द लिहायचाय आणि तुम्हाला दुसरा हवाय. तुम्हीही एका शब्दासाठीच अडून बसलाय, साहेब."

रविवारी मी त्यांच्याकडे डोंबिवलीला गेलो. मानपाड्याच्या वाटेवर, भातखाचरांच्या कडेला त्यांची चाळ होती. हेडक्लार्क कोपऱ्यात घुंगरू नव्या दोरीत ओवत बसले होते. वहिनी भरलेली कळशी घेऊन आत आल्या, ती दाणकन ठेवली आणि माझ्याकडे वळल्या.

"तुम्ही तरी सांगा यांना, भावजी. अख्खं ऑफिस खोटं लिहितं. तुम्ही लिहिता ना?"

"लिहितो," मी म्हणालो.

"बघा! यांनी एक दिवस लिहिलं तर जीभ झडणार आहे? माझा हात बघा." त्यांनी तळवा पुढे केला. दोराने पडलेला लाल पट्टा होता. "नळ येणार होता घरात. नळ!"

"मला कळतंय," हेडक्लार्क दोरीला गाठ मारत म्हणाले.

"कळतंय तर लिहा."

"वीस वर्षं मी लोकांच्या मेलेल्या आज्या लिहितोय. त्यात माझी पोटदुखी नाही घालणार. आजारी म्हणून लिहिलं, तर नाचणं ही आजाराच्या आड लपवायची गोष्ट आहे हे मीच कबूल केलं. मग गल्लीतली पोरं मला म्हणतात ते खरं."

वहिनी पुढचे पाच दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत, असं मला नंतर समजलं. मला मात्र त्यांनी चहा दिला. कप आदळून दिला.

शुक्रवारी एक वाजता हेडक्लार्कांनी मस्टर उघडलं, स्वतःच्या नावापुढे लिहिलं, 'एक वाजता नाचावयास गेलो. रजा नामंजूर,' आणि गेले. फाटकावर, घुंगरू बाहेर.

कचेरी सुटल्यावर मी छावणी गाठली. दोन बराकींच्या मधल्या मैदानात खोक्यांच्या फळ्या जोडून स्टेज केलं होतं. पुढे जाजमावर बायका, पोरं, म्हातारे. कडेला एका खांबाशी वहिनी उभ्या होत्या. बसा म्हटलं, तर मान हलवली.

मला नाचातलं फारसं कळत नाही. लांबलचक शब्द वापरून सांगणारे पुष्कळ आहेत, त्यांनी सांगावं. मी पाहिलं ते इतकंच, की आमचे हेडक्लार्क, तेच मिशीवाले हेडक्लार्क, विहिरीवर पाण्याला आलेली बाई झाले. कथकात हा प्रसंग जुनाच आहे. पण त्यात ती बाई नाजूकपणे घागर बुडवते, लाजते, कुणी तरी तिची वाट अडवतं. यांच्या बाईला लाजायला सवड नव्हती. तिने दोर ओढला, मध्येच थांबून कमरेला हात लावला, पुन्हा ओढला, आणि घागर काठावर टेकवून तळवा पदराला पुसला. त्या मिशांचं काय झालं मला ठाऊक नाही. मला त्या दिसेनाशा झाल्या. माझ्या पुढ्यातल्या सिंधी बायका, ज्या छावणीतल्या एकुलत्या टाकीपुढे रोज रांगेत उभ्या राहत, त्या एकमेकींना कोपर मारून हसायला लागल्या. मग हसायच्या थांबल्या.

"दोर असा नाही ओढत मी," खांबापाशी वहिनी म्हणाल्या. पाच दिवसांतलं त्यांचं ते पहिलं वाक्य असावं. "डावा हात पुढे असतो माझा."

शनिवारी सकाळी साहेबांनी हुकूम दिला, परवानगीशिवाय गैरहजर राहिल्याबद्दल मेमो काढा. आता कंपनीत मेमो काढण्याचं काम हेडक्लार्कांचं. त्यांनी मला बोलावलं आणि उभ्या उभ्या मजकूर सांगितला.

"घे. 'असे निदर्शनास आले आहे की, आपण शुक्रवारी दुपारी एक वाजल्यापासून रजा नामंजूर असताना गैरहजर राहिलात.' पूर्णविराम. 'आपले हे वर्तन…' काय घालू या? 'बेजबाबदार' घाल. साहेबांना आवडतो तो शब्द. 'आपल्यासारख्या जुन्या नोकराकडून याची अपेक्षा नव्हती.' हे जरा लागेल असं आहे, नाही? राहू दे."

साहेबांनी त्यात एक शब्दही न बदलता सही केली. हेडक्लार्कांनी तो मेमो जावक वहीत चढवला, स्वतःला दिला, पोच म्हणून सही केली आणि स्वतःकडे पाहून खिन्नपणे मान हलवली. वीस वर्षांत त्यांनी काढलेल्या मेमोंत तो सगळ्यात कडक होता.

सोमवारी चौकशी. साहेबांची केबिन वरच्या मजल्यावर, सागवानी फळ्यांची जमीन, वर गालिचा. खुलासा टिपून घ्यायला मी पॅड आणि पेन्सिल घेऊन बसलो. टेबलावर दोन कागद होते. एक मेमो, दुसरी ती ऑर्डर, अजून बिनसहीची.

"अजूनही वेळ गेलेली नाही," साहेब म्हणाले. "डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा. मी दोन्ही कागदांचा निकाल आत्ता लावतो."

"मी शुक्रवारी ठणठणीत होतो. दीड तास नाचलो."

"पण असं आहे तरी काय त्यात?" साहेबांनी पाइप ठेवला. "ज्यापायी माणूस नोकरीतली बढती लाथाडतो?"

"हे विचारताय, की नुसतं बोलताय?"

"विचारतोय. चौकशीच आहे ही. खुलासा द्या."

"लिहून देऊ की करून?"

साहेबांना तो उद्धटपणा वाटला असावा. "कसाही द्या," ते म्हणाले.

हेडक्लार्क खाली वाकले आणि बुटांच्या नाड्या सोडू लागले. बूट काढले, मोजे काढले, घडी करून बुटांत ठेवले. पँटच्या दोन घड्या वर केल्या. मग गालिचा गुंडाळून भिंतीशी सारला. "यावर ऐकू येत नाही," त्यांनी साहेबांना सांगितलं. कोट आणि टाय तसाच होता. मग माझ्याकडे वळले. "पेन्सिलीने सोळा मात्रा धर रे. टेबलाच्या कडेवर. घाई करू नकोस."

मी साहेबांकडे पाहिलं. मग पेन्सिल टेबलावर आपटली. एक. दोन.

आधी नुसता एक पाय. मग दुसरा. घुंगरू नव्हते, साथ नव्हती, उघडे तळवे आणि लाकूड. त्यांचं शरीर जवळजवळ स्थिर होतं, फक्त कमरेखाली काहीतरी चाललं होतं. लय दुप्पट झाली, चौपट झाली. टेबलावरच्या शाईच्या दौतीत शाई हलायला लागली. बाहेर टाइपरायटर एकेक करून थांबले. खालच्या गोडाउनमधली माणसं जिन्यावर आलेली दिसत होती. मी मोजत होतो आणि माझ्या पेन्सिलीच्या पहिल्या ठोक्यावर दर वेळी त्यांचा पाय नेमका पडत होता, मी जरा चुकलो तरी. शेवटी तोंडाने बोल म्हणत ते गिरकी घेऊन आले आणि साहेबांच्या टेबलासमोर, पहिल्या मात्रेवर, उभे राहिले.

टाय थोडा बाजूला झाला होता. त्यांनी तो सरळ केला आणि खुर्चीवर बसून मोजे घालू लागले.

साहेबांचा पाइप विझला होता. मग ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "लिहा. खुलासा दिला नाही."

हेडक्लार्क नाडी बांधत होते. त्यांनी मान वर केली नाही. केली असती तर मला सोपं गेलं असतं.

मी कधी कुणाला उलटून बोललो नव्हतो. गोऱ्या साहेबालाही नाही. मी पॅडवर लिहिलं आणि ते साहेबांपुढे सरकवलं. 'खुलासा दिला. सोळा मात्रांचा होता. चूक आढळली नाही.'

साहेबांनी ते दोनदा वाचलं. पॅड माझ्या अंगावर फेकलं नाही, हा त्यांचा सुसंस्कृतपणा. मला मात्र त्याच आठवड्यात डिस्पॅचला हलवण्यात आलं आणि पुढची तीन वर्षं मी रंगाच्या डब्यांवर लेबलं मोजली. ऑर्डर फाडली गेली. ऑफिसरच्या जागी मुंबईहून एक ब्रिज उत्तम खेळणारे गृहस्थ आले. त्यांच्या नेमणुकीचा कागद हेडक्लार्कांनीच केला, निर्दोष इंग्रजीत. नौपाड्याच्या ब्लॉकमध्ये तेच राहायला गेले. वहिनी विहिरीवर जात राहिल्या. चाळीत नळ आला तो पुढे पाच-सहा वर्षांनी, आणि आला तेव्हा त्या मला म्हणाल्या, "मी सांगते भावजी, मी अजूनही रागावलेली आहे." आणि हे त्या अगदी खरं बोलत होत्या. त्या घरात तशी पद्धतच होती.

चौकशीनंतर तीन आठवड्यांनी हेडक्लार्कांनी पुन्हा रजेचा अर्ज केला. डिस्पॅचमध्ये माझ्यापर्यंत त्याच्या बातम्या येत होत्या. अर्ध्या दिवसाची रजा, कारण : नाचायचे आहे. साहेबांनी काहीही न लिहिता कोपऱ्यात नुसती सही केली आणि अर्ज खाली पाठवला. दुसरा कुणी असता तर सुटलो म्हणून कोट उचलून निघाला असता.

हेडक्लार्कांनी तो अर्ज परत वर पाठवला. शेरा : 'मंजूर की नामंजूर, स्पष्ट व्हावे.'

अर्ज खाली आला : 'मंजूर.'

त्यांनी तो पुन्हा वर पाठवला. 'कशासाठी मंजूर, याचा उल्लेख नाही.'

या खेपेला तो वर दोन दिवस राहिला. सगळी कंपनी, गोडाउनपासून फाटकावरच्या पठाणापर्यंत, त्या कागदाची वाट पाहत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी तो आला. मी मुद्दाम कचेरीत जाऊन पाहिला. साहेबांनी टाइप करवून घेतला नव्हता. स्वतःच्या हाताने, टाकाने, जरा जास्तच दाबून लिहिलं होतं :

'नाचण्यासाठी मंजूर.'